देवाच्या तोंडी घातलेला नकार

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. मुलगा दर रविवारी फोन करतो, त्यालाही नाही. नऊ वर्षं टाळलं. आता पंच्याहत्तरी उलटली — अजून किती टाळायचं?

दत्ताराम वायरमन होता, मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त चिऱ्याचा गडगा. निवृत्त झाल्यावर दोघं पुन्हा सायकलीवर बसलो. आधी भाट्याच्या पुलापर्यंत, मग पावसपर्यंत, मग आंबा घाट. आणि एके दिवशी दत्ता म्हणाला, आता आल्प्स.

मी हसलो. तो हसला नाही. फ्रान्समधल्या एका घाटाचा नकाशा त्याने ओटीवरच्या भिंतीला चिकटवला. एकवीस वळणं, प्रत्येक वळणाला पाटी, आणि आकडे उलटे — खाली एकवीस, माथ्यावर एक. "दोन आंबा घाट एकावर एक ठेवले की झालं," तो म्हणायचा. वर्षभर तेच. पासपोर्ट काढले. सायकली खोलून खोक्यात भरायचा सराव केला. सोबत मेतकूट न्यायचं ठरलं. सुके बोंबील वहिनींनी रद्द केले. "विमानातून उतरवतील दोघांना," त्या म्हणाल्या.

मी खूश होतो का? होतो. खोटं कशाला बोलू? नकाशा बघताना खरंच खूश होतो.

पण शेवटच्या सरावाला आंबा घाटात माझी छाती भरून आली. मी उतरलो आणि सायकल ढकलत वर गेलो. दत्ता माथ्यावर वाट बघत होता. "काय रे मेल्या, गुडघ्यात सोलकढी भरलीय काय?" मी म्हटलं, चेन उतरली होती. तेव्हाच सांगता आलं असतं — दत्ता, मला भीती वाटते, तू जा. एवढंच. पण मी मागे राहायचं आणि त्याने जायचं? त्याने परत येऊन वाडीभर सांगायचं, आणि मी ऐकायचं?

आमच्याकडे मोठं काम ग्रामदेवाला विचारल्याशिवाय करत नाहीत. गुरव देवाला ओल्या पाकळ्या लावतो, तुम्ही गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार; डावी पडली तर डावा, म्हणजे नकार. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं, त्याच्या आठवडाभर आधी दत्ताचे चुलते वारले. त्याला सुतक. देवळाची पायरी चढायची नाही. म्हणून त्याने मला पाठवलं. "दोघांच्या वतीने विचार," म्हणाला, "आणि नीट विचार."

नीटच विचारलं. काम कुठलं ते गुरवाला सांगितलं नाही, मनातलं काम एवढंच म्हटलं. उजवी पाकळी लगेच पडली. गुरव म्हणाला, "करा बिनघोर." मी हात जोडले, बाहेर आलो, चपला घातल्या.

दत्ता गडग्यापाशी उभा होता. मी म्हटलं, "डावा दिला."

त्याने पुन्हा विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, "नको तर नको. त्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही." संध्याकाळी नकाशा काढला. टेप लागली होती तिथला चुना निघाला.

माझ्यासाठी थांबला असता, तर एक वेळ कुरकुरला तरी असता. देवासमोर तो काय बोलणार? मला ते ठाऊक होतं. म्हणूनच देवाचं नाव घेतलं.

पुढची दोन वर्षं तो धडधाकट होता. ही दोन वर्षं मी मोजली आहेत. मग अर्धांगवायूने त्याचा एक पाय गेला. त्यावर तो काय म्हणाला असेल? "बघ, देवाने राखलं. परमुलखात पडलो असतो तर?" म्हणजे माझ्या खोट्याला त्याने स्वतःच आधार दिला, आणि मी तो घेतला. दर वर्षी तो देवाला नारळ द्यायचा. त्याला चालवत नसे, म्हणून माझ्या हातून पाठवायचा. मी नेऊन वाढवला. प्रसादाची कवड त्याच्या हातावर ठेवली. सहा वर्षं.

गेल्या वर्षी त्याने अंथरूण धरलं. मी सांगायचं ठरवून गेलो. एकदा खोलीत वहिनी होत्या. दुसऱ्यांदा त्याला झोप लागली होती. तिसऱ्यांदा दोघंच होतो, आणि तो जागा होता. गडगा ओलांडतानाच वाक्य तयार केलं होतं — दत्ता, कौल उजवा होता, मी खोटं बोललो, मला माफ कर. खुर्ची ओढून बसलो. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पेज घेतलीस?"

"घेतली," तो म्हणाला.