पेन्सिलीतले नंबर

२१ जानेवारी १९९१, सौदीतलं दम्माम, आखाती युद्धाचा पाचवा दिवस. सकाळपासून मी वॉर्डातल्या खिडक्या बंद करत होते. विषारी वायू आत येऊ नये म्हणून काचांना चिकटपट्टी आणि एसीभोवतीच्या फटींत ओल्या कागदाच्या घड्या. त्या दिवशी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे तर सरळ सांगावं – पण आधी सहा नंबरच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल सांगावं लागेल.

इंग्रज. वय सत्याऐंशी. मुलगा इथे तेलाच्या धंद्यात इंजिनियर, त्याच्याकडे राहायला आले आणि पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं. लढाई सुरू झाली तेव्हा मुलगा कामासाठी जेद्दाला गेलेला, तिथेच अडकला. यांच्या पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे हलवणंही शक्य नव्हतं. सोबत एक गठ्ठा – दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्यांनी आवळलेला – आणि एक वही.

विशीत ते उत्तर चीनच्या डोंगरांत झाडं शोधायला गेलेल्या तुकडीत होते. मी कोकणातली. झाड शोधायला कुणी जातं का? ते आपलं परसात असतं. खेचरं, बर्फ, बारा-बारा दिवसांची चढण, आणि हे सगळं वीतभर रोपासाठी – मला हसू आलं होतं. मग त्यांनी मला गठ्ठा उघडायला लावला.

बोटाएवढं फूल. पासष्ट वर्षं दाबून ठेवलेलं, आणि अजून निळं. कसलं निळं सांगू? हॉस्पिटलात मी जन्म पाहिले, मरणं पाहिली, चटकन गप्प होणारी बाई मी नाही. त्या फुलापुढे झाले. हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसलं का, असं विचारलं, तर म्हणाले, “गुराख्यांना ठाऊकच होतं, सिस्टर. आम्ही फक्त नंबर दिला.”

तो नंबर कुठे होता, हे मी विचारलं नाही.

तर २१ तारखेला दुपारी कागद संपले. म्हातारे झोपले होते. त्यांच्या खिडकीची फट उघडीच होती, आणि समोर कपाटात तो गठ्ठा – प्रत्येक रोपाभोवती पिवळी पडलेली, कडा झडलेली चिनी वर्तमानपत्रं. आपल्या बायकांच्या हाताला जुनं वर्तमानपत्र लागलं की एकच शब्द सुचतो – रद्दी. मी रोपं एकेक करून हॉस्पिटलच्या स्वच्छ पांढऱ्या कागदात ठेवली. नीट, हलक्या हाताने. उलट बरंच करते आहे असं वाटत होतं. रद्दी भिजवली आणि फटीत ठासली.

जागे झाल्यावर त्यांनी गठ्ठा मागितला. मुलगा आला की तो त्यांच्या देशातल्या वनस्पतींच्या मोठ्या संग्रहात द्यायचा होता, त्यासाठी प्रत्येक रोपासोबत ठेवायच्या चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. वहीत नंबरवार सगळं होतं – कुठला डोंगर, किती उंची, ताज्या फुलाचा रंग. पण कुठलं रोप कुठल्या नंबरचं, हे फक्त वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलेलं होतं.

कागद कुठे गेले, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, खिडक्या तपासायला माणसं आली होती, त्यांनी नेले. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक गोळी चुकली नव्हती – हे मला फार महत्त्वाचं वाटायचं. बाकी कारण नाही.

त्यांनी एका पांढऱ्या कागदाची कड उलटून पाहिली. मग म्हणाले, “पेन्सिल होती, सिस्टर. एकदा खेचर नदीत पडलं, सगळं भिजलं. नंबर एकही पुसला नाही. त्या माणसांना विचारून पाहाल का?”

खिडकी चार पावलांवर होती. चारच. मी म्हणाले, विचारते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, जाळून टाकले.

त्यानंतर तीन दुपारी ते भिंगातून एकेक रोप ओळखत गेले. पानाची लव बोटाने चाचपून सांगायचे की हे डोंगराच्या उन्हाकडच्या बाजूचं, ते सावलीकडचं. सायरन वाजला की मी त्यांना मास्क चढवायची, वाजायचा थांबला की ते मास्क काढून थेट पुढच्या पानावर. एवढं कुणाला एखादं गवत आठवू शकतं? मी लिहीत होते आणि बघत होते. एक्कावन्नपैकी चाळीस झाली. उरलेली अकरा एकमेकांसारखी दिसणारी, बारीक पात्यांची.

“नाही जमली तर ‘नंबर माहीत नाही’ असं लिहा,” ते म्हणाले. “खोटा नंबर लावू नका. शंभर वर्षांनी कुणीतरी त्याच डोंगरावर ते शोधत जाईल.”

चौथ्या दुपारी त्यांचं हृदय थांबलं.

आता ऐका. ‘माहीत नाही’ असं अकरा वेळा लिहिलं असतं तर मुलाने विचारलं असतं, का माहीत नाही? मूळ कागद कुठे आहेत? म्हणून त्याच संध्याकाळी, ड्युटी संपल्यावर, मी वहीतले उरलेले अकरा नंबर घेतले आणि हाताला येतील तसे अकरा रोपांना लावले. डोंगर, उंची, रंग. माझं अक्षर चांगलं आहे. चाळीस खऱ्या आणि अकरा खोट्या चिठ्ठ्यांत काही फरक दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा जेद्दाहून गाडीने पोचला. त्याने उभ्यानेच चिठ्ठ्या चाळल्या, शेवटपर्यंत. “म्हणजे बाबांनी पुरं केलं,” तो म्हणाला. मी हो म्हणाले. पट्टे आवळायला त्याला मदत केली, सामान मिळाल्याची त्याची सही घेतली, आणि सहा नंबरच्या खाटेवरची चादर बदलली.