ग्वाल्हेरची सवाष्ण

ह्यांची बायपास ठरली तेव्हापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावत होते, फूल वाहत होते, पण पोळ्या लाटाव्यात तसं, नुसत्या हाताच्या सवयीने. सासूबाईंच्या आग्रहाने ऑपरेशनची तारीख पितृपंधरवडा संपल्यावरची घेतली होती. डॉक्टरांचीही हरकत नव्हती. नेमकं त्या मधल्या दिवसांत ऑफिसने मला ग्वाल्हेरला पाठवायचं काढलं. आमची कंपनी खाद्यपदार्थ पाकीटबंद करायची यंत्रं बनवते. तिथल्या एका गजकवाल्याला, म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत वडी करणाऱ्या कारखानदाराला, थंडीच्या आधी यंत्र हवं होतं. ही फेरी केली तर पुढे महिनाभर रजा मिळणार होती. हे म्हणाले, "जाऊन ये. इथे बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिलीस, तर मलाच धडधडेल." हा माणूस स्वतःच्या छातीवरसुद्धा विनोद करतो. मला मात्र हसू आलं नाही.

गजकवाले शेठजी फार गोड माणूस. सगळं नीट पाहिलं, शंका विचारल्या, चहा पाजला आणि शेवटी हात जोडले. "मॅडम, मशीन तो बढ़िया है, पर श्राद्ध में नई चीज़ की बात पक्की नहीं करते. नवरात्रि लगने दीजिए." आमच्या साहेबांनी कॅलेंडर पाहिलं होतं, पंचांग नाही. आणि मी तर घरात पंधरवडा पाळणारी बाई, मलाही हे सुचू नये! निदान घरी न्यायला थोडी गजक मागावी, तर ते हसून म्हणाले, "अभी कहाँ, ठंड तो पड़ने दीजिए." म्हणजे नवऱ्याला तशा अवस्थेत सोडून मी हात हलवत परत जाणार होते. गाडी संध्याकाळची. स्टेशनजवळच्या पडाव भागातल्या हॉटेलात बसून राहिले असते तर भिंतीशी भांडले असते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पण रागाने भूकच मेली होती. खाली आले, ई-रिक्शात बसले आणि म्हटलं, घेऊन चल गावात कुठेही.

गोरखीपाशी, शिंद्यांच्या जुन्या वाड्याजवळ, उतरले आणि चालता चालता राग कुठे सांडला ते कळलं नाही. चंबळच्या मुलखात मी काय पाहते, तर एका दवाखान्याच्या पाटीवर अस्सल कोकणातलं आडनाव आणि खाली हिंदीत थुंकू नका म्हणून दटावणी. दोन बायका भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होत्या आणि आपसांत मराठीत त्याच्या मिशांची थट्टा करत होत्या. गल्ली वळली की मध्येच वर किल्ला दिसायचा. मी नवख्या पोरीसारखी प्रत्येक पाटी वाचत चालले होते. एका देवळाच्या ओट्याशी थांबून ह्यांना फोन केला आणि सगळं रंगवून सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं, किती दिवसांनी हसून बोललीस."

फोन ठेवला तर समोर एक वयस्क गृहस्थ उभे. धोतर नाही की टोपी नाही; साधी पँट, इस्त्रीचा सदरा आणि काखेत केळीची पानं.

"ताई, माफ करा. आपण मराठीत बोलत होतात म्हणून थांबलो. आपण सवाष्ण आहात ना?"

जो शब्द मनात यायलासुद्धा मी भीत होते, तो एका परक्या माणसाने भर रस्त्यात विचारावा! मी कशीबशी मान हलवली.

"आज अविधवा नवमी न. माझी पत्नी माझ्या आधी गेली. दर साली पडोसच्या वहिनी जेवायला येतात, आज त्यांना ताप चढला. सून आहे, पण ती तर घरचीच, ती कशी चालेल? स्वयंपाक तयार आहे आणि जेवणारीच नाही."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी दुसऱ्या घरची सवाष्ण जेवू घालतात. गेलेलीच तिच्या रूपाने येऊन जेवते, अशी समजूत. त्यांनी संकोचत माझं गोत्र विचारलं. ते त्यांच्याहून वेगळं निघालं. मग विचारलं, काही खाल्लं तर नाही ना? मी नाही म्हटलं. "मग तुम्हाला तिनेच उपाशी ठेवलं," ते म्हणाले आणि मला शंका नको म्हणून सुनेला फोन लावून माझ्या हातात दिला. ऑपरेशनचं सांगावं का, असं मनात आलं. ऐकून हे गृहस्थ मागे सरले तर? म्हणून ते मनातच ठेवलं. खरं सांगायचं तर भक्तीने नाही, कुतूहलाने मी त्यांच्या मागोमाग गेले.

औषधाच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं घर. मुलगा सकाळी तर्पण करून ड्यूटीवर गेला होता. सून रश्मी जवळच्या भिंडकडची, हिंदी घरातली. "ताई, आप बसा. गरम-गरम वाढते," म्हणत तिने माझे पाय धुवायला घेतले तेव्हा मी अवघडून गेले. पानात अळूवडी, वडे, भोपळ्याची भाजी, आमटी, खीर. आमटी चांगलीच झणझणीत होती. "मम्मीजी जैसी नहीं बनी, पर उन्हीं को देख-देख के सीखी," रश्मी म्हणाली. आप्पाजी, म्हणजे तिचे सासरे, समोर बसून नुसते पाहत होते. मध्येच म्हणाले, "खीर घे अजून. तुला तर..." आणि थांबले. रश्मी वाटी घेऊन आत गेली. मी खाली मान घालून खीर घेतली.

जेवण होत आलं तसे ते हात जोडून म्हणाले, "तृप्त झालात?"

हे विचारायची रीतच आहे आणि उत्तरही ठरलेलं असतं. पण माझ्या तोंडून ते निघेना. कित्येक दिवसांत मी पोटभर जेवले नव्हते, आणि तो परका माणूस माझ्या होकारासाठी जीव मुठीत धरून बसला होता. "तृप्त झाले," मी म्हटलं आणि रडू कोसळलं. मग सगळंच सांगून टाकलं.

कोणी मागे सरलं नाही. रश्मीने हळदकुंकू लावून खणानारळाने माझी ओटी भरली. मी आप्पाजींना वाकले. त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला.

"ती वाकली की मी म्हणायचो, अखंड सौभाग्यवती भव. देवाने अक्षरशः ऐकलं. तिचं सौभाग्य अखंड राहिलं आणि मी मागे राहिलो. आता तो आशीर्वाद माझ्याने देववत नाही, ताई. तुम्हाला दुसरा देतो. दोघं बरोबर म्हातारे व्हा. भांडा खूप, पण बरोबर."

परतीच्या गाडीत मी देवाशी पुन्हा बोलले. मागायचं म्हणून ओठावर बरंच आलं होतं. पण मला त्या पानावर बसलेली मीच आठवले. काय वाढायचं ते सवाष्ण सांगत नाही. समोर येईल ते मान देऊन जेवते. म्हटलं, बाई अंबाबाई, मी पान मांडून बसले आहे. तू वाढ.

ऑपरेशन नीट झालं. झालं नसतं तर मी हे लिहायला बसले असते का, मला माहीत नाही. तेवढी माझी श्रद्धा मोठी नाही. पण थिएटरच्या बाहेर बसले होते तेव्हा पर्समध्ये तो हिरवा खण होता, आणि नणंदेने डबा उघडला तेव्हा मी निमूट जेवले. ज्यांनी मला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं, त्यांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. ग्वाल्हेर मी धड पाहिलंही नाही. किल्ला तर खालूनच पाहिला. तरी ते गाव आता माझ्या माहेरासारखं झालं आहे.

हे घरी आले त्या दिवशी बिनमिठाचा मऊ भात वाढला. दोन घास कसेबसे गेले. पान उचलता उचलता माझ्या तोंडून निघून गेलं, "तृप्त झालात?"

"ह्या लापशीने?" हे म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरून ठेवला. "झालो."