मरियम्मा, कुलपाच्या या बाजूने

कारखाना कधीचाच बंद पडला होता. मग अप्पांनी त्याची किल्ली मरेपर्यंत कमरेला का बांधून ठेवली?

मला माहीत नाही. त्यांना विचारायची हिंमत झाली नाही.

अप्पा गेले तेव्हा चालीप्रमाणे त्यांचा करदोडा कापला. त्यात ओवलेली किल्ली माझ्या हातात आली. तेव्हापासून ती माझ्या पर्समध्ये असते.

परवा केरळातून फोन आला. मरियम्मा गेली.

ती किल्ली तिच्या दाराची होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरणीतली नोकरी सुटल्यावर अप्पांना अंधेरीत, वर्सोव्याच्या बाजूला, कोळंबी सोलायच्या कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. सोलायला केरळातून मुली आणलेल्या. बहुतेक माझ्याच वयाच्या. मरियम्मा त्यांतलीच.

दिवसभर हात बर्फाच्या पाण्यात. राहायचं कारखान्याच्या माळ्यावर. जिन्याच्या टोकाला लोखंडी जाळीचं दार, आणि काम नसलं की त्याला बाहेरून कुलूप.

“सेफ्टीसाठी,” शेठ म्हणायचे. अप्पांना ते मनापासून पटलं होतं.

त्याच पगारातून मी शिकले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.

कॉलेजात मी स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर भाषणं करायचे. टाळ्या पडायच्या.

बीएचा रिझल्ट लागला त्या रविवारी मी पेढे घेऊन माळ्यावर गेले. अप्पा जेवायला घरी आले होते. दाराला कुलूप.

मी जाळीतून पेढे देत होते. मरियम्माने हात पुढे केला नाही. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसला होता. बोट काळंनिळं, हात कोपरापर्यंत सुजलेला.

“मुँह में डाल,” ती म्हणाली. मी भरवला.

तिने तो गिळला आणि जाळीला कपाळ टेकलं.

“तू पास हुआ ना? अब बाप को बोल. ताला खोलो. हॉस्पिटल.”

मी धावत घरी आले. अप्पा पानावर बसले होते. कोळंबीचं कालवण होतं. कारखान्यातला तुटका माल वॉचमनला फुकट मिळायचा. आमच्याकडे दर रविवारी तेच असे.

“अप्पा, मरियम्माचा हात बघा. आत्ताच्या आत्ता दार उघडा.”

“शेटनी सांगल्यानी हा, डॉक्टर सोमवारी येतलो.”

“सोमवारपर्यंत काय होईल तिचं?”

“आणि एकादी पोर पळान गेली तर? तिच्या बापाशीक काय तोंड दाखवू मी? चावी माझी नाय गो बाय. शेटची आसा.”

“पण कमरेला तर तुमच्याच आहे ना!”

आई म्हणाली, “चार बुकं शिकलीस म्हणून बापाला उलटून बोलतेस?”

अप्पांचा घास हातातच राहिला होता. क्षणभर वाटलं, उठतील.

नाही उठले.

आईने माझं पान वाढलं. मी जेवले.

मरियम्मा, मी तुझ्या हातांनी सोललेली कोळंबी जेवले गं. त्या दुपारी.

सोमवारी डॉक्टर आला. मग हॉस्पिटल. बोट कापावं लागलं.

मुली आणणारा मुकादम म्हणाला, “नऊ बोटांची घेऊन काय करू? दुसरी आणतो.” नुकसानभरपाई नाही, काही नाही. गाडीत बसवून गावी पाठवून दिली.

स्टेशनवर सोडायला अप्पाच गेले होते. घरी आले आणि जेवले नाहीत. त्यानंतर आमच्याकडे कोळंबी शिजली नाही.

पुढे मरियम्मानेच मला शोधून काढलं. दर नाताळला तिचा फोन यायचा. दर वेळी पहिला प्रश्न, “बाबा कैसा है?” माझी मान खाली जायची. फोनवर सुद्धा.

अप्पा गेले तेव्हा तिला किल्लीचं सांगितलं. ती हसत सुटली.

“अभी तक रखा था? पागल आदमी! फेंक दे.”

मी फेकली नाही.

माझा धाकटा भाऊ आता सिक्युरिटी एजन्सी चालवतो. कोळंबीच्या एका युनिटला त्याचे गार्ड आहेत. तिथे ओडिशाच्या मुली आहेत. गेल्या महिन्यात त्याच्यासोबत तिथून जाताना वरच्या मजल्यावर जाळीचं दार दिसलं. बाहेरून कुलूप.

“दिनू, हे काय रे?”

“सेफ्टी गं ताई. तू ना, उगाच टेन्शन घेतेस.”

महिनाभर मी टेन्शनच घेत बसले. भाऊ आहे. दर भाऊबीजेला येतो. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय.

मग परवा तो फोन आला.

मरियम्मा, तुला फुलं वाहायची माझी लायकी नाही. तू शांत झोप. तुझ्या दाराला आता कुलूप नसो.

काल सकाळी मी लेबर ऑफिसात जाऊन तक्रार दिली. युनिटचं नाव, एजन्सीचं नाव, भावाचं नाव. खाली माझी सही.

बाहेर आल्यावर दिनूला मीच फोन करून सांगितलं.