बेगमपेट मागं राहिलं

आमच्या बरकतपुऱ्यात पायलट म्हणजे राजा, असा एक समज होता. माझा धाकटा भाऊ शिवराज पायलट झाल्यापासून त्या समजाचा मला जो ताप झाला, तो मीच जाणे. सरकारनं नुकतंच आकाश खासगी कंपन्यांना मोकळं केलं होतं आणि रोज नवी विमान कंपनी निघत होती. आमच्या घरातले सगळे पुरुष कोर्टकचेरीत गेलेले, उडणारा हा पहिलाच. शेजारच्या मालनबाई मला म्हणायच्या, "इंदुताई, शिवराजला सांगा ना, अमेरिकेहून एखादं अत्तर आणेल." मी म्हणायची, "तो राजमहेंद्रीला जातो हो. तिथलं चालेल का?"

त्याच्या कंपनीकडे दोन छोटी विमानं होती, एकोणीस माणसं मावतील एवढी. पायलट आणि प्रवासी यांच्यामध्ये नुसता पडदा. आमच्या शहराच्या बेगमपेट विमानतळावरून राजमहेंद्री, तिथून परत, आणि पुन्हा तेच. बांधलेला पगार नावालाच होता, बाकी सगळं उडलेल्या तासांवर. चाकं जमिनीवरून उठली की मीटर सुरू, टेकली की बंद. मधे पत्र्याच्या शेडमध्ये घामाच्या धारांत काढलेला वेळ कामात धरत नसत. आजारी पडलं तर तास बुडाले, आणि जागेवर बसायला दुसरा टपलेलाच. त्यामुळे पहाटे कंपनीची गाडी आली की ताप असो, पोट बिघडलेलं असो, हा निघाला. बस कंडक्टरला याहून बरं वागवतात, असं मी एकदा वैतागून म्हटलं, तर हसून म्हणाला, "कंडक्टरची युनियन आहे ताई."

या लोकांनी आपसात एक सोय करून ठेवली होती. वर पोचलं, विमान सरळ रेषेत लागलं, की दोघांतल्या एकानं थोडी डुलकी काढायची, दुसऱ्यानं जागं राहायचं. पुढच्या खेपेला उलट. कायद्यात हे बसत नव्हतं, पण ज्यांनी कायदा केला ते त्या शेडमध्ये बसले नव्हते.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये, दुपारच्या खेपेला, राजमहेंद्रीहून परतताना शिवराजला वाटलं आज डुलकी आपली. त्याच्या शेजारी बसलेल्या अमितलाही वाटलं, आपली. अमित शिवराजहून सात-आठ वर्षांनी लहान, नल्लकुंट्यातला, माझ्याकडे मराठी शिकलेला. सकाळी एक खेप रद्द झाली होती, त्यामुळे दोघांचा हिशेब चुकला. दोघंही मनाशी निर्धास्त होऊन झोपले.

शिवराजला जाग आली ती कानातल्या आवाजानं. बेगमपेटच्या टॉवरवरचे लोक रेडिओवरून केव्हापासून हाका मारत होते. त्यानं खाली पाहिलं तर बीदरचा किल्ला. बेगमपेट कधीच मागं राहिलं होतं. आमचं मूळ गाव तिकडेच, भालकीजवळ, त्यामुळे तो किल्ला त्यानं लहानपणापासून पाहिलेला. त्यानं विमान वळवलं आणि रेडिओ बिघडला होता असं कळवून टाकलं. पडद्यामागं सगळे शांत होते. उतरताना एका म्हाताऱ्या तेलुगू बाईनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "मंचिगा दिंचिनवु नायना." बाळा, नीट उतरवलंस रे.

हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवसापासून तो कुणाकडे पाठ करून बसेना. जेवताना भिंतीला टेकून बसायचा. लग्नाला गेलो तर शेवटच्या रांगेत. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "मागं माणसं बसली की मला त्यांचे श्वास ऐकू येतात." तेव्हा मी भ्याले. माझा भाऊ माझ्यासमोर बसलेला होता आणि तरी तो तिथं नव्हता.

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं रेडिओचं काम बघणाऱ्या हिम्मतरावांना काढलं. गौलीगुड्याचे साधे गृहस्थ. तेव्हा मात्र शिवराज उठला आणि सरकारी साहेबांपुढे खरं सांगून आला. त्याचं लायसन गेलं, हिम्मतराव परत कामावर लागले. पण सांगताना एक गोष्ट त्यानं बदलली. "अमितनं माझ्या परवानगीनं डोळे मिटले होते, जागं राहायचं ते मी," असं तो बोलला. तरणा मुलगा आहे, त्याचं नुकसान कशाला, हा विचार. कामाच्या तासांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. कंपनीनं तोंड वाकडं करून खेद व्यक्त केला आणि खेपा तशाच चालू ठेवल्या.

शिवराज घरी मुलांना गणित शिकवू लागला. मला वाटलं आता तरी याच्या जिवाला स्वस्थता मिळेल. कसली मिळतेय. दुपार झाली की तो वर्तमानपत्र उलगडून बसायचा आणि पान उलटायचा नाही. "तो अजून उडतोय ताई," एवढंच म्हणायचा. अमितला आपणच वर ठेवलं, हे त्याला आतून पोखरत होतं.

वर्षभरानं एका दुपारी अमित पेढे घेऊन आला. कप्तान झाला होता, खांद्यावर नव्या पट्ट्या. पहाटेपासून दोन खेपा करून आलेला, आणि थोड्या वेळानं कंपनीची गाडी इथूनच त्याला न्यायला येणार होती.

"अरे, जरा सुटी घे की," मी म्हटलं. चेहरा पार ओढलेला होता.

"कुठची सुटी ताई? तीन पायलट सोडून गेले. परेशान करून ठेवलंय नुसतं. जरा पाणी द्या."

मी पाणी घेऊन आले तर तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. हातात अर्धा पेढा. शिवराज समोर बसून त्याच्याकडे पाहत होता. मी हाक मारणार, तर त्यानं मला हातानं थांबवलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मग ड्रायव्हर फाटकापाशी आला. "कप्तान साब कू भेजो अम्मा, लेट होरा."

शिवराज उठून बाहेर गेला. "गाडी वापस ले जाओ भई. कप्तान साब नै आते आज."

"नै आते? फिर फ्लाइट?"

"खडी रहने दो."

गाडी गेली. थोड्या वेळानं फोन वाजला. शिवराजनं रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. मुलाची नोकरी जाणार हे मला दिसत होतं, शिवराजलाही दिसत होतं. बेगमपेटला एकोणीस माणसं सामान घेऊन बसली असतील, कंपनीला शिव्या देत असतील. शिवराजनं अमितच्या हातातला पेढा काढून घेतला, पंखा त्याच्याकडे वळवला आणि स्वतः त्याच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. मी त्या पोराला उठवलं नाही. मला त्याची दया येत होती आणि ज्यांनी त्याला असं करून ठेवलं त्यांची मनस्वी चीड.

मी देवापाशी दिवा लावला तेव्हा अमित दचकून जागा झाला. डोळे फाडून त्यानं दोन्ही हात पुढं केले, हवेत काहीतरी पकडायला.

"विमान कुठंय?"

"बेगमपेटला," शिवराज म्हणाला. "जमिनीवर आहे."