कपाशीच्या गावात सुती चिंधी मिळेना

आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमना गोधड्यांचं वेड आहे. त्या नवंकोरं कापड मागवतात, त्याला इस्त्री करतात, त्याचे चौकोन कापतात आणि तेच चौकोन पुन्हा एकमेकांना शिवतात. घरी एक अख्खं कपाट रंगवारीनं लावलेल्या कापडांनी भरलेलं आहे. त्याला त्या 'स्टॅश' म्हणतात. आमच्याकडे त्याला बोचकं म्हणतात आणि ते माळ्यावर टाकलेलं असतं. चांगलं कापड फाडून परत का जोडायचं, असं मी एकदा विचारलं. मनाला शांती मिळते म्हणाल्या. माझ्या मायनं जन्मभर गोधड्या शिवल्या, तिला पाठदुखी मिळाली, चष्मा मिळाला, शांती काही मिळाली नाही, असं मी सांगितलं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला चहाला विचारलं नाही.

खरं सांगायचं तर तोवर मीही कधी सुई धरली नव्हती. घरातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., बी.एड. हे सांगताना मी आवाज कमी करत नाही, कारण ते मला कुणी ओटीत घातलेलं नाही. धाडजवळच्या आमच्या गावात मायचं नाव गोधड्यांसाठी होतं. पार देऊळघाटच्या बाया कापडाची बोचकी घेऊन एसटीनं तिच्याकडे यायच्या. मी कोपऱ्यात पुस्तक धरून बसायची आणि त्या चिंध्यांकडे बघून नाक मुरडायची. जुन्याला जुनं जोडत बसायचं काम ज्यांना पुढं जाता येत नाही त्यांचं, असं माझं पक्कं मत होतं.

मग धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच आठवड्यात माय ओट्यावरून घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. आता आमच्याकडची रीत अशी की पहिलं लेकरू आजोळी होतं आणि बारशाला पाळण्यात अंथरूण आजोळचं असतं. सातव्या महिन्याच्या ओटीला आम्ही बहिणीच्या सासरी देऊळगाव राजाला गेलो होतो, तेव्हाच विहीणबाईंनी चार बायांसमोर सांगून टाकलं होतं की आता गोधड्या कोण वापरतं, आम्ही अस्वलाच्या चित्राचं मऊ ब्लँकेट मागवलंय. माय तिथंच म्हणाली होती, लेकरू माया हातच्या गोधडीवर पडन. हा शब्द दिलेला, आणि हात प्लास्टरमध्ये. जिनं आजूबाजूच्या अख्ख्या पट्ट्यातल्या नातवंडांना अंथरूण दिलं, तिचं स्वतःचं नातवंड अस्वलावर निजणार, ही गोष्ट तिला मनगटापेक्षा जास्त दुखत होती. जेवताना डाव्या हाताच्या घासाकडे बघत बसायची.

देऊळघाटच्या एका बाईला शिवायला बोलावू असं तिच्या मनात होतं. मला ते लागलं. मी शिवते म्हटलं. मायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुले येईन काय?"

"त्यात काय आहे न येण्यासारखं?"

"काई नाही," ती म्हणाली. "म्हून त विचारलं."

मी तिला दाखवायचंच ठरवलं. पट्टी घेतली, आलेखाच्या कागदावर नकाशा काढला, चौकोन आखले. कापड कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता, कारण ट्रंक ब्लाउजपीसनं भरलेली होती. हे ब्लाउजपीस म्हणजे आमच्या बायकांचा एक न संपणारा फेरा आहे. ओटीत एका घरून येतो, दुसऱ्या घरी जातो, तिथून तिसऱ्या. त्याची घडी कुणी मोडत नाही, त्याचा ब्लाउज कुणी शिवत नाही, आणि देताना मात्र दुकानातून आताच आणल्यासारखा चेहरा करतात. मी म्हटलं, या ढोंगाचा एकदाचा निकाल लावू. कात्री घेतली आणि एका दुपारी पंधरा-वीस तुकड्यांचे चौकोन पाडले. आठवडाभरात अर्धी गोधडी जोडून झाली. लाल, निळी, हिरवी, एकदम पुस्तकात छापल्यासारखी. घेऊन मायसमोर टाकली.

तिनं डाव्या हातानं ती उचलून गालाला लावली आणि लगेच खाली ठेवली. टोचते म्हणाली. मग हिरव्या, सोनेरी काठाच्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, हा कुठला. ट्रंकेतला, मी म्हटलं.

"इहीनबाईनं तुया बहिणीच्या ओटीत घातला होता हा. लेकरू सुखरूप व्हावं म्हून घातला. अन् तू त्याच्यावर त्याच लेकराले मुतवतं."

तिनं गोधडी माझ्याकडे ढकलली. बहीण मात्र पोट धरून हसायला लागली आणि माय तिच्यावर ओरडली की हसू नको, वेळ नाही झाली अजून. त्या हिरव्या खणाचे चार तुकडे बहिणीनं नंतर, उसवून झाल्यावर, गुपचूप स्वतःच्या पिशवीच्या तळाशी घातले. मी दोन दिवस बसून सगळी शिवण उसवली. आखीव चौकोन उसवतानाही आखीवच निघाले, तेवढं समाधान.

मग मायनं मला पहिला धडा दिला, जो कुठल्याच वर्गात झाला नव्हता. लेकराच्या गोधडीला कापड सुती पायजे, जुनं पायजे, शंभरदा धुतलेलं पायजे. आणि कात्री लावायची नाही, फाडायचं. सुती कापड आपल्या धाग्याच्या सरळ रेषेत फाटतं, पट्टी लागत नाही. मला वाटलं, हे सोपं आहे. आमचं गाव कपाशीचं. नजर जाईल तिथपर्यंत पऱ्हाटी उभी असते. दिवाळीच्या आसपास कोणाच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, इतका कापूस. अशा गावात सुती चिंध्यांना काय तोटा?

तोटा होता. गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले. प्रत्येक बाईनं जुनी साडी काढून दिली आणि प्रत्येकीनं शपथेवर सांगितलं की ही कॉटनच आहे, आठवडी बाजारातल्या दुकानदारानं स्वतः सांगितलं होतं. पहिलं बोचकं घेऊन आले तर मायनं एकेक साडी गालाला लावून बाजूला फेकली. तिच्या गालावर माझा विश्वास बसेना. मला पुरावा हवा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी काडेपेटी घेऊन निघाले. साडीच्या कडेचा एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. सुती असला तर कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. नसला तर धागा आक्रसतो, प्लास्टिक जळाल्याचा वास येतो आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. हे माझ्या विज्ञानात बसत होतं.

गल्लीत बोंब झाली की मोठी पोरगी साड्या जाळत फिरून राह्यली. पण दाराशी आलेल्या शिकलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? मी धागा पेटवायची, मणी व्हायचा, मी तो मणी त्या बाईच्या तळहातावर ठेवायची. एकीचा चेहरा असा पडला की जणू मी तिच्या नवऱ्याबद्दल काही सांगितलं. शेजारची काकू मणी चिमटीत धरून बराच वेळ बघत राहिली.

"मंग इतके दिवस मी प्लास्टिक नेसून राह्यली काय वो?"

हो, म्हटलं मी. दुसरं काय सांगणार? शेतात कपाशी, अंगावर प्लास्टिक. गावानं कापूस विकला आणि जे नेसायला आणलं ते असं. आणि वर उन्हाळ्यात अंगाला खाज येते म्हणून त्याच बाया गोळ्या आणतात. मी हे सगळ्यांना तोंडावर सांगितलं. माझ्यावर कुणी खूश नव्हतं. तुयी माय एवढं बोलत नाही, असं काकूनं ऐकवलं.

शेवटी सुती निघालं ते म्हाताऱ्या माणसांकडे. दोन धोतरं, काही पायजमे, आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजीचं नऊवारी लुगडं. गावात सुती लुगडं नेसणारी ती एकटीच उरली आहे. तिच्या लुगड्याचा धागा मी पेटवला आणि राख पडली तेव्हा मी खरंच हसले. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिची अट एवढीच होती की धोतरं आत घाल, मायं लुगडं वर दिसू दे, आतमंदी नोको कोंबू.

त्या लुगड्याचा पदर मी मायसमोर फाडला. एका टोकाला दातानं चीर दिली, दोन्ही हातांनी ओढलं आणि कापड शेवटपर्यंत सरळ फाटत गेलं. माझी पट्टी ट्रंकेवर पडलेली होती. मायनं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या अशा बघण्याचा मला बोलण्यापेक्षा जास्त राग यायचा.

मग अंथरणं. खाली एक धोतर, त्यावर चिंध्यांचे थर, वर लुगडं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, आणि माझी दोन जाड पुस्तकं. टाके कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत न्यायचे. माय पाटावर बसून डाव्या हातातल्या लाटण्यानं दाखवायची, इथं ढिला पडला, इथं ओढला. ओढलेल्या टाक्याजवळ कापडाला चुणी पडते आणि ती लेकराच्या पाठीला लागते. तिच्या टाक्यांच्या ओळी शेतातल्या पेरणीच्या तासांसारख्या सरळ असतात. माझ्या ओळी तिफणीचा बैल बुजल्यासारख्या. पन्नासदा उसवल्या. बोटांची चाळणी झाली. शाळेत खडू धरवेना. स्टाफरूममधल्या मॅडमनी विचारलं तेव्हा मी विषय बदलला. शांती मिळतेय का, असं त्यांनी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

लेकरू दहा दिवस आधीच आलं. मुलगी. मायचं प्लास्टर तोवर निघालं होतं, पण बोटं मिटत नव्हती, सुई धरणं लांबच. मधली शेवटची ओळ मी बारशाच्या सकाळी घातली आणि गोधडी धुऊन अंगणात टाकली. उन्हाळा होता, तासाभरात वाळली.

विहीणबाई पाच-सात पाव्हण्यांसह गाडी करून आल्या. ब्लँकेट प्लास्टिकच्या पिशवीतच होतं, सगळ्यांनी पाहावं म्हणून तिथंच फाडून काढलं. गुलाबी, केसाळ, मधोमध अस्वल. बाहेर पत्रे तापलेले आणि या बाई लेकराला केसाळ ब्लँकेटवर निजवणार. त्यांनी ते स्वतःच पाळण्यात अंथरलं आणि लेकराला घ्यायला हात पुढं केले. मायनं गोधडी मांडीवर घेतली होती. ती उचलून द्यावी, एवढंही तिला सुचेना. शब्द तिच्या हातचा दिला होता आणि टाके माझ्या हातचे होते, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

विहीणबाईंना गोधडी दिसली होतीच. त्यांनी ती ओढून घेतली आणि उलटी केली. जाणकार बाई मागची बाजू बघते, आणि त्या जाणकार होत्या, हे मला मान्य करावं लागेल.

"टाके वाकडे आहेत की. हे तुमच्या हातचं नाही."

"नाही," माय म्हणाली. "मोठीचं हाये. पयलीच हाये तिची. म्या बसून करवून घेतली."

तेवढ्यात बहीण उठली. लग्न झाल्यापासून सासूसमोर जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती पाळण्यापाशी आली, अस्वल काढून बाजूला ठेवलं, सासूच्या हातातून गोधडी घेतली आणि लुगड्याची बाजू वर करून अंथरली. म्हणाली, "आई, तिले गरमी होते त्याच्यात." आणि पोरीला निजवलं.

विहीणबाईंनी ओठ आवळले. पण पाळण्याची दोरी तोवर त्यांच्याच हातात आली होती आणि चार बाया वाट बघत होत्या, तेव्हा त्यांना गाणं म्हणावंच लागलं. पहिली ओळ त्यांनी रागात म्हटली. माय दुसऱ्या ओळीला त्यांच्यात मिसळली. तिनं आपला उजवा हात गोधडीच्या कडेखाली सरकवला होता, न मिटणारी बोटं तशीच ठेवून.

ब्लँकेट नंतर प्लास्टिकच्या खुर्चीवर अंथरलं गेलं, त्यांच्या बाजूच्या एका जाडजूड पाव्हण्यासाठी. ते जेवण होईपर्यंत अस्वलावर बसले. उठले तेव्हा पॅन्ट मागून घामानं ओली झाली होती, आणि हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.