उगारलेला हात

लग्नानंतर कितीतरी वर्षं नवरा मूल नको म्हणत होता. कारण विचारलं की विषय बदलायचा. शेवटी मी भांडायलाच बसले, तेव्हा हळूच म्हणाला, "मी बाबांसारखा निघालो तर?"

सासरे काही राक्षस नव्हते हो. त्यांनाही त्यांच्या वडिलांनी फोडूनच काढलेलं. कारखान्यातली पाळी, साहेबाची बोलणी, बायको सतत आजारी, आणि मारल्याशिवाय पोर सुधारत नाही ही पक्की समजूत. सगळा राग या एकुलत्या एका पोराच्या पाठीवर निघायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पेढे आणायचे. नवऱ्याला पेढा आजही गिळवत नाही.

पुढे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आलो, मुलगी झाली. तिने रडून घर डोक्यावर घेतलं की ह्याचा जबडा आवळायचा. मग हा पठ्ठ्या तिला गुपचूप माझ्याकडे देऊन खाली केलरमध्ये जायचा, आणि तळघरात साठवलेले कांदे-बटाटे निवडत बसायचा. आमच्याइतके नीट निवडलेले कांदे अख्ख्या जर्मनीत नसतील! मी चिडवायचे खरी, पण मला त्याचा इतका अभिमान वाटायचा, काय सांगू.

लेक चार वर्षांची असताना सासरे पहिल्यांदा राहायला आले. नवऱ्याने विमानतळावरच सांगून टाकलं, "बाबा, आमच्या घरात मुलांना मारत नाहीत."

"अरे, मी कशाला मारतोय?" सासरे म्हणाले.

एका सकाळी लेकीने कोमट कोकोचा भरलेला कप त्यांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर सांडला. जित्याची खोड! सासऱ्यांचा हात वर गेला.

"अहो बाबा!" मी ओट्याजवळून ओरडले.

समोर बसलेल्या नवऱ्याने, चांगल्या छत्तिशीतल्या इंजिनिअरने, झटकन दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकलं.

आणि लेक? तिला हसू फुटलं. मार म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं. किंडरगार्टनमध्ये मोठी माणसं हात वर करतात ती टाळी घ्यायला. खुर्चीवर उभी राहून तिने आजोबांच्या तळहातावर फट्टकन टाळी दिली आणि म्हणाली, "नोखमाल! पुन्हा!"

सासरे तिच्याकडे बघतच नव्हते. ते अजून डोकं झाकून बसलेल्या मुलाकडे बघत होते.

"हात खाली घे रे," ते म्हणाले. आवाज पार फाटला होता. "घे, बाळा."

नवऱ्याने हात खाली घेतले. सासऱ्यांनी आपला तसाच वर ठेवला. लेकीला अजून टाळ्या द्यायच्या होत्या.