एक सूत कमी

आमच्या घरात पत्रकाखाली नाव टाकायची पद्धत नव्हती.

पत्रकं आई लिहायची. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती, आणि तिथल्या बायकांची युनियन तिने व तिच्या तीन-चार मैत्रिणींनी उभी केली होती. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्यावर मेणाचा स्टेन्सिल कागद अंथरून ती टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची. मी शेजारी बसून ती मोठ्याने वाचायचे. 'बडतर्फी', 'पगारी रजा', 'निर्धार' हे शब्द मला कमळ आणि बदक यांच्या बरोबरीनेच आले. शेवटची ओळ कायम तीच असायची: आपल्या, कामगार भगिनी.

असं का, ते मला सहावीत कळलं. आईची सर्वांत जवळची मैत्रीण, जिला मी मावशी म्हणायचे, तिने एकदा हट्टाने पत्रकाखाली स्वतःचं नाव घातलं. कारखान्यातल्या बायकांच्या शौचालयाला दार नव्हतं, त्याबद्दलचं पत्रक होतं. "दारासाठी भांडायचं आणि आपणच लपून बसायचं होय?" असं ती आमच्या ओट्याला टेकून म्हणाली होती. पुढच्या सोमवारी तिला गेटवर अडवलं. दार महिन्याभरात बसलं. मावशी त्या दाराच्या आत कधी गेलीच नाही.

तेव्हापासून नाव विचारणारा माणूस म्हणजे गेटवरचा मॅनेजर, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ माझ्या त्या समजुतीतून झाला.

दोन हजार सालानंतर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. कॉलेजात प्रत्येक सॉफ्टवेअर चोरीचं. खुद्द शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला एक सीडी फिरवली, "घ्या, सगळ्यांनी कॉपी मारा." मी म्हटलं, हे चोरीचं आहे, मी घेणार नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "आली बघा इन्स्पेक्टरीणबाई!" वर्ग हसला. सरही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. कारखान्यात एक बटण खिशात सापडलं तर बाईची झडती घेऊन तिला घरी पाठवत होते, आणि इथे मास्तर फळ्यासमोर उभं राहून चोरी वाटत होता.

मग एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मला पत्रकं आणि पुस्तिका मांडायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सापडलं. त्याचा परवाना मी अक्षरन् अक्षर वाचला. वापरा, उघडून आतला कोड वाचा, बदला, बदललेलं इतरांना द्या. इतकं सरळ आणि इतकं बिनधास्त लिहिलेलं मी आईच्या पत्रकांशिवाय कुठे वाचलं नव्हतं. मी आईला म्हटलं, आता स्टेन्सिल पुरे. तुझं पुढचं पत्रक मी करते.

ते पत्रक संध्याकाळच्या पाळीनंतर बायकांना घरी सोडायला बस मिळावी म्हणून होतं. मी ते कॉलेजात मांडलं आणि रविवार कारंज्याजवळच्या छापखान्यात दिलं. पत्रकं डेमी कागदावर छापतात. डेमीच्या एका मोठ्या तावाचे आठ तुकडे केले की आठ पत्रकं होतात. नाशिकमधलं कुठलंही हँडबिल उचला, तेच माप निघेल. पण माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते माप नव्हतं. जपानी पाकिटांची मापं होती, अमेरिकेतल्या वकिलांच्या कागदाचं माप होतं, आमचं नव्हतं. आणि यादीबाहेरचं माप घालायची सोय त्यात नव्हती. मी त्यातल्या त्यात जवळचं निवडलं. ते थोडं रुंद होतं.

गठ्ठा बांधूनच घरी आला आणि तसाच सकाळी सिन्नरच्या एसटीत चढला. प्रत्येक पत्रकाची उजवी कड कापली गेली होती. 'गेटसभा, शुक्रवार, दुपारी' एवढंच उरलं होतं. किती वाजता, ते कागदाबरोबर कापून गेलं होतं.

निम्म्या बायका एक वाजता आल्या, निम्म्या तीनला. दोन्ही वेळा सभा होण्याएवढ्या नव्हत्याच. मॅनेजरने गेटवर उभं राहून पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. "दुपारी किती, बाई? आधी घड्याळ शिका, मग बस मागा." आईने हे मला भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडे न बघता. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फुटपट्टी घेऊन छापखान्यात गेले. कटिंग मशीनवर एक काका होते, गिरणारे गावाच्या बाजूचे. "काका, ह्या पत्रकाचं बरोबर माप काय?" त्यांनी कापलेल्या कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा माझ्यापुढे सारला. "घे मोजून." मी मोजलं, वहीत लिहिलं आणि निघाले.

कोडमध्ये बदल फार मोठा नव्हता. मापांच्या यादीत एक ओळ, आणि ते माप निवडायच्या चौकटीत दिसावं म्हणून आणखी दोन. माझ्या पुढच्या पत्रकांची एकही कड कापली गेली नाही. मग मी तो बदल त्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे बनवणाऱ्या-वापरणाऱ्या सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर, पाठवला. सोबत काय लिहिलं असेल? पत्रकच लिहिलं. 'जगातल्या सगळ्या कागदांना तुमच्या यादीत जागा आहे, फक्त आमच्या नाही. आम्ही मागणी करतो की...' आणि खाली सही: कामगार भगिनी, नाशिक.

प्रकल्प सांभाळणारा माणूस युरोपात कुठेतरी होता. त्याचं उत्तर चार ओळींचं आलं. हे माप कोण वापरतं? यादी सगळ्यांसाठी आहे, एका छापखान्यासाठी नाही. शिवाय आमच्याकडे प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं खरं नाव लागतं. ते कौतुकासाठी नाही, उद्या काही बिघडलं तर विचारायचं कोणाला, म्हणून.

मी पेटले. कोण वापरतं? मी सायबर कॅफेत बसून त्याला चार पानी उत्तर लिहिलं. त्यात सत्ता होती, मक्तेदारी होती, गेटवरचा मॅनेजर होता, मावशीसुद्धा होती. नाव मात्र नव्हतं. त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या चार ओळींतली शेवटची ओळ मी तेव्हा वाचलीच नाही, असंच म्हणायला हवं.

नाशिकमध्ये तेव्हा एक सर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे आणि दर रविवारी सकाळी मुक्त सॉफ्टवेअरवर बैठक घ्यायचे. स्वातंत्र्य, समता, ज्ञान सगळ्यांचं, असं बोलायचे. मी त्यांना माझा बदल दाखवला, झालेला पत्रव्यवहार दाखवला. ते म्हणाले, "ठेव माझ्याकडे. मी बघतो. बोलायची एक पद्धत असते."

तीन आठवड्यांनी बदल स्वीकारला गेला. माझ्याच तीन ओळी, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. खाली सरांचं नाव. पुढच्या रविवारी त्यांनी ते पान भिंतीवर मोठं करून दाखवलं, 'नाशिकचं योगदान'. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"सर, ते माझं आहे."

"अगं, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माझं-तुझं असतं का?" सगळे हसले.

"मग खाली तुमचं नाव कसं?"

"फॉर्मॅलिटी गं ती. तू टाकलं नव्हतंस, कोणीतरी टाकायलाच हवं होतं ना? बस, चहा घे."

मी चहा घेतला नाही. घरापर्यंत चालत आले, आणि वाटेत जे जे बोलायला हवं होतं ते सगळं बोलले.

आई मेथी निवडत होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पत्रकं आता नीट छापून येतात ना?"

"येतात."

"मग?"

"मग काय मग? चोरलं त्यांनी!"

"पत्रक कोणीही वाटलं तरी चालतं."

"वाटलं नाही आई, सही केली खाली!"

तिने मेथीची जुडी बाजूला सारली. म्हणाली, "आपण सही करत नव्हतो ते लाथ बसेल म्हणून. हार मिळणार असता तर रांग लागली असती." मला वाटलं ती माझी बाजू घेतेय. मग म्हणाली, "पण तुला कोण लाथ मारणार होतं? तू कशाला लपलीस?" मी ताडकन उठून गॅलरीत गेले.

दोन-तीन महिने गेले. मग लिस्टवर कोल्हापूरच्या एका छापखानावाल्याचं पत्र आलं. डेमीचं माप चुकलंय. प्रत्येक पान चारही बाजूंनी एक सूत कमी आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फुटपट्टीवरची सगळ्यांत दुर्लक्षित रेघ. पण अख्ख्या तावावर आठ पानं मांडली की ती चूक साठत जाते, आणि शेवटच्या पानावर ब्लेड थेट अक्षरांवरून जातं. एका शाळेच्या स्मरणिकेचे त्याचे सगळे ताव वाया गेले होते.

युरोपातल्या माणसाने बदलाखालचं नाव पाहून सरांना विचारलं. सरांनी दोन दिवसांनी लिहिलं: माप आम्हाला एका स्थानिक छापखान्यातल्या कामगाराने दिलं होतं, त्याची चूक झालेली दिसते.

त्याची! टाळ्यांच्या वेळी त्या भिंतीवर कुठला कामगार नव्हता. चूक निघाली तेव्हा बरोबर कामगार सापडला.

मी तशीच छापखान्यात गेले. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"ताई, तू कापलेल्या कागदाचं माप घेतलंस व्हय?"

"तुम्हीच तर दिला होता गठ्ठा."

"तू पत्रकाचं माप मागितलंस, म्या दिलं. आमचं पत्रक येवढंच निघतं. ह्या मशीनचा अडसर, कागद टेकवायची पट्टी, घसरलेला हाय. कड तिरकी येती म्हणून मी चारी बाजूंनी एक सूत जास्ती मारतो. लय वर्सं झाली."

"मग सांगितलं का नाही, काका?"

"इचारलंस का? फुटपट्टी घिऊन आलीस, मोजलंस, गेलीस. अख्खा ताव घ्यायचा, तीनदा घडी घालायची, मंग मोजायचं. हे तर पेपर उचलनारा हमाल बी सांगंल." मग त्यांनी विचारलं, "आन् ते सायेब माझं नाव सांगून ऱ्हायलेत का तिकडं परदेशात?"

"नाव नाही सांगितलं. कामगार म्हणाले."

"मंग त्ये मीच झालो की," काका म्हणाले, आणि त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं.

यादी एका छापखान्यासाठी नाही, असं त्या माणसाने मला लिहिलं होतं. मी सगळ्या जगाच्या यादीत रविवार कारंज्याच्या एका घसरलेल्या अडसराचं माप घालून बसले होते. माझी पत्रकं सुबक येत होती, कारण ती त्याच मशीनवर कापली जात होती.

काकांनी एक कोरा ताव दिला. मी तीनदा घडी घातली, त्यांच्यासमोर मोजलं, त्यांच्याकडून पुन्हा मोजून घेतलं. घरी येऊन आईला म्हटलं, ह्या वेळी नाव घालावं लागेल.

तिने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "ह्यावरून तुला कोणी काढून टाकणार नाही ना?"

"मी तिथे कामाला नाहीये, आई. कशातून काढतील?"

"नक्की?"

"नक्की."

"मग टाक. मोठ्या अक्षरात टाक."

"तिथे सगळी अक्षरं सारख्याच आकाराची असतात."

"बरं आहे मग," ती म्हणाली.

मी मागणी केली नाही, कोणाचा धिक्कार केला नाही. मूळ माप मी घेतलं होतं आणि ते चुकीच्या पद्धतीने घेतलं होतं, छापखान्यातल्या कामगाराची त्यात चूक नाही, बरोबर पद्धत त्यांनीच शिकवली, एवढं लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, आईचं नाव मधे घालून. दुसऱ्या दिवशी एका शब्दाचं उत्तर आलं: स्वीकारलं.

त्या प्रकल्पाच्या नोंदींत आजही तसंच आहे. डेमीचं माप आणलं, खाली सरांचं नाव. डेमीच्या मापातली चूक दुरुस्त केली, खाली माझं. सर रविवारी अजून स्वातंत्र्यावर बोलतात, असं ऐकते. मला त्यांचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. पण कोल्हापूरच्या त्या माणसाने पुढे एकदा विचारलं, हे माप आता बरोबर आहे ना, पुढची स्मरणिका लावू का? पत्र सरांना नव्हतं. मला होतं.

मी लिहिलं, लावा. काही बिघडलं तर मला विचारा.